पोटातला अडकित्ता

आमच्या घरी पानाचे एक पितळी तबक आहे, वडिलांच्या वेळचे. त्यात चुना, कात, लवंग, वेलदोडा यांच्या डब्या, मधोमध सुपारी आणि कडेला अडकित्ता. वर्षभर हे तबक फडताळात विसावलेले असते आणि दिवाळी आली की चिंचेने लख्ख घासून बाहेर निघते. वडील गेले, त्यांच्यामागे घरातले पान खाणेही गेले. पण अडकित्ता मात्र पुष्कळ वर्षे कामात राहिला. पस्तीस वर्षे मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवीत होतो, आणि दरवर्षी पोटातल्या रक्तवाहिन्यांचे प्रकरण आले की हा अडकित्ता माझ्या पिशवीतून वर्गात जाई. तो अर्धवट उघडून मी मुलांना सांगत असे, "हा मागचा दांडा म्हणजे महाधमनी. हा पुढचा म्हणजे तिची आतड्याकडे जाणारी शाखा. आणि मध्ये सुपारीच्या जागी कोण? डाव्या मूत्रपिंडाची शीर." मुले हसत. परीक्षेत या प्रश्नाचे उत्तर सहसा कोणाचे चुकत नसे.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर दुखण्याच्या गोष्टी कशाला, असे आपण म्हणाल, आणि ते रास्तच आहे. पण ही गोष्ट फराळाच्या ताटावरच सुरू झाली, त्याला माझा इलाज नाही.

२०१४ सालची भाऊबीज. धाकटी बहीण ओवाळायला आली होती. बरोबर तिची मुलगी. भाची तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. वर्षभरात ती फार वाळली होती. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्यासमोर ताट ठेवले. तिने अर्धी करंजी खाल्ली, चकलीचा एक वेढा मोडला आणि ताट पुढे सारले. थोड्या वेळाने मी माजघरात डोकावलो, तर ती भिंतीकडे तोंड करून, डाव्या कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन पडली होती. बहीण हळूच म्हणाली, "दादा, हे आता रोजचंच झालंय. चार घास पोटात गेले की पोट फुगतं, कळा येतात, कधी उलटी होते. डॉक्टर म्हणतात, काही नाही, मनाचं आहे."

त्यावर मी भाचीला जे म्हणालो, ते लिहिताना आजही हात अडखळतो. मी म्हणालो, "बारीक दिसायचं वेड घेतलंय हल्ली तुम्ही मुलींनी. नीट जेव, म्हणजे सगळं ठीक होईल." ती काही बोलली नाही. उठली आणि उरलेली अर्धी करंजी माझ्यादेखत खाल्ली. अर्ध्या तासात ती उलटून पडली.

पस्तीस वर्षे अडकित्ता दाखविणारा मी. तबक त्या वेळी शेजारच्या खोलीत होते. मला ते का दिसले नाही? पुढे खरा उलगडा झाला तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे. त्याचे उत्तर शोधताना मी माझ्याच शास्त्राचा जुना इतिहास चाळू लागलो, आणि ध्यानात आले की असे न दिसणारा मी काही पहिला नव्हे.

आधी थोडा भूगोल सांगितला पाहिजे. हृदयातून निघालेली महाधमनी पाठीच्या कण्याला बिलगून खाली उतरते. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. त्याच्या एका चिवट कमानीखालून ती पोटात शिरते, आणि शिरताच एक आखूड, जाड शाखा देते. जठर, यकृत आणि प्लीहा यांचा शिधा या शाखेवर अवलंबून. तिच्या किंचित खाली दुसरी शाखा निघते, ती आतड्यांची. ही दुसरी शाखा सरळ पुढे न जाता खाली झुकते, त्यामुळे ती आणि महाधमनी यांच्यामध्ये एक कोन तयार होतो. या कोनात दोन जण राहतात. वरच्या बाजूला डाव्या मूत्रपिंडाची शीर. कारण अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणारी महाशीर कण्याच्या उजव्या अंगाला, आणि डावे मूत्रपिंड डाव्या अंगाला, तेव्हा या शिरेला कोन ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. तिच्या खाली आद्यांत्राचा आडवा भाग. आद्यांत्र म्हणजे जठरातून निघणाऱ्या लहान आतड्याचा पहिला, घोड्याच्या नालासारखा वळलेला तुकडा. निरोगी माणसात हा कोन साधारण ३८ ते ६५ अंशांचा असतो, आणि दोन्ही धमन्यांमधले अंतर १० ते २८ मिलिमीटर. तो उघडा राहतो तो बव्हंशी आतल्या चरबीच्या उशीमुळे. आणखी खाली, बेंबीच्या जवळपास, महाधमनीला दोन पायांसाठी दोन फाटे फुटतात. त्यांतला उजवा फाटा डाव्या पायाकडून वर येणाऱ्या शिरेवरून जातो, आणि ती शीर फाटा व कणा यांच्या मध्ये सापडते.

कमान, कोनाचा माथा, कोनाची खालची जागा आणि फाटा, अशा या चार अडचणीच्या जागा. हाताची वीत पोटावर ठेवली तर चारही तिच्याखाली येतील. परंतु या चार जागांच्या दुखण्यांना नावे मिळायला एकशे तीस वर्षे लागली, आणि ती देणारी माणसे वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या खोल्यांत बसली होती.

पहिली खोली व्हिएन्नातली, आणि तीही शवागाराची. कार्ल फॉन रोकितान्स्की हे तिथले विकृतिशास्त्राचे महापंडित. जन्मभरात त्यांनी तीस हजारांच्या आसपास शवविच्छेदने केली असे सांगतात. १८४२ सालापासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्यांच्या ग्रंथात, आतड्याच्या धमनीखाली आद्यांत्र चेपले जाऊन अन्नाची वाट अडते, हे निरीक्षण आले. निरीक्षण आले खरे, पण मेलेल्या माणसाच्या बाबतीत. जिवंत माणसाला जेवल्यावर काय होते, हे शवागारात कोण सांगणार?

त्याचे उत्तर लंडनमध्ये निराळ्याच मार्गाने आले. पाठीचा कणा वाकलेल्या रुग्णांच्या धडाला प्लास्टरचे कवच घालण्याची पद्धत नुकतीच रूढ होत होती. १८७८ साली विलेट नावाच्या शल्यतज्ज्ञांनी अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. कवच चढविल्यानंतर त्याला उलट्या सुरू झाल्या आणि त्यातच त्याचा अंत झाला. पाठ ताणून सरळ केली की महाधमनी पुढे रेटली जाते आणि तो कोन मिटतो, हे कोडे पुढे उलगडले. १९५० साली या प्रकाराला कवचाचेच नाव मिळाले.

दरम्यान अमेरिकेत ब्लडगुड यांनी १९०७ साली सुचविले, की चेपलेला भाग सोडवीत बसण्यापेक्षा आद्यांत्र पुढच्या आतड्याला जोडून अन्नाला आडवाट काढून द्यावी. पुढच्याच वर्षी स्टॅव्हली यांनी ती शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली. तरी या दुखण्याला आज जे नाव आहे ते एडिंबरोच्या सर डेव्हिड विल्की यांचे. १९२१ साली त्यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले आणि १९२७ साली तब्बल ७५ रुग्णांचा वृत्तांत सादर केला. जेवणानंतरची कळ, पित्ताची उलटी, सतत घटणारे वजन, आणि पालथे झोपल्याने किंवा गुडघे छातीशी घेतल्याने मिळणारा आराम, हे या दुखण्याचे आजचे ओळखचिन्ह. गुडघे छातीशी! हे वाक्य मी विद्यार्थीदशेत पाठ केले होते.

तेवढ्यात एक अडचण उभी राहिली होती, ती सांगितल्याशिवाय पुढचा अविश्वास कळायचा नाही. १८८५ साली फ्रान्समध्ये लियाँ येथील ग्लेनार यांनी असा सिद्धान्त मांडला, की पोटातले अवयव खाली घसरल्यामुळे नाना व्याधी होतात. झाले! पोटाला पट्टे बांधण्याची, घसरलेले अवयव टाके घालून वर टांगण्याची एकच लाट आली. लंडनमध्ये सर आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठावर इलाज म्हणून मोठे आतडेच काढून टाकण्याचा सपाटा लावला. या उत्साहाच्या भरात किती निरोगी आतडी कापली गेली असतील, कोण जाणे. पुढे लाट ओसरली, वैद्यकाला आपली लाज वाटली, आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. "कृश बाईचे पोट दुखते आणि तपासणीत काही सापडत नाही" असे म्हटले की जाणती मंडळी मान हलवून म्हणू लागली, "मनाचे आहे." आधी अति विश्वास आणि मग अति अविश्वास, दोन्हींची किंमत मोजली ती रुग्णांनी.

आता दुसऱ्या खोलीत जाऊ. हिचा पोटाशी वरवर काही संबंध दिसत नाही, कारण इथले रुग्ण पाय सुजला म्हणून आले होते. १८५१ साली रूडॉल्फ फिर्खो यांनी नोंदविले, की रक्त साकळण्याचे दुखणे उजव्यापेक्षा डाव्या पायात फार अधिक आढळते. दोन्ही पाय एकाच देहाचे, एकाच चालीचे. मग हा पक्षपात का? त्यांनी बोट ठेवले ते वर सांगितलेल्या फाट्यावर. शंभर वर्षांनी, १९५७ साली, ऑस्ट्रियात मे आणि थर्नर या दोघांनी ४३० मृतदेहांतल्या शिरा उघडून पाहिल्या आणि त्यांपैकी २२ टक्क्यांत शिरेच्या आत चिवट पडदे व आडवे धागे आढळल्याचे लिहिले. वरची धमनी जन्मभर ठोके देत असते. ठोक्याठोक्याने शिरेच्या भिंती एकमेकींवर घासून हे घट्टे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष. १९६५ साली लंडनच्या कॉकेट आणि थॉमस यांनी तेच दुखणे जिवंत रुग्णांत वर्णिले.

तिसरी खोली माझ्या अडकित्त्याची. टोरांटोचे शरीररचनाशास्त्रज्ञ ग्रँट यांनी १९३७ साली आपल्या पाठ्यपुस्तकात डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला कवचीची फळे फोडण्याच्या चिमट्यात धरलेल्या फळाची उपमा दिली. त्यांच्याकडे अक्रोड, आमच्याकडे सुपारी, एवढाच फरक. ग्रँट शिकवीत होते, रोग सांगत नव्हते. पण १९५० साली एल-सद्र आणि मिना या दोघा डॉक्टरांनी ही उपमा खरी ठरल्याचे एका रुग्णाच्या आधारे दाखविले, आणि १९७२ साली बेल्जियममधील दे शेपर यांनी त्या चिमट्याचेच नाव या दुखण्याला दिले. शीर चेपली की मूत्रपिंडात रक्त तुंबते, डाव्या कुशीत दुखते, लघवीतून रक्त जाते. तुंबलेले रक्त वाट शोधत खाली ओटीपोटातल्या शिरांत उतरते आणि त्या फुगतात.

चौथी खोली सर्वांत उशिरा उघडली, ती कमानीची. लिपशुट्झ यांनी १९१७ साली मृतदेहांत पाहिले होते, की काहींच्या बाबतीत श्वासपटल त्या पहिल्या आखूड शाखेवर येऊन बसलेले असते. पण जिवंतपणी ते दिसावे कसे? धमनी क्ष-किरणांत उमटत नाही. १९२९ साली लिस्बनमध्ये दोस सान्तोस यांनी पाठीतून सुई घालून महाधमनीत औषध सोडले आणि तिचे चित्र घेतले. १९५३ साली स्टॉकहोमच्या सेल्डिंगर यांनी मांडीच्या धमनीतून बारीक नळी सरकविण्याची सोपी युक्ती काढली. तेव्हा कुठे जिवंत देहातल्या रक्तवाहिन्या डोळ्यांना दिसू लागल्या. त्यातही मौज अशी, की समोरून घेतलेल्या चित्रात ही कमान फसवते. कुशीवरून पाहिले, तेही श्वास सोडलेल्या क्षणी, तरच ती धमनीवर दाबून बसलेली दिसते. १९६३ साली फिनलंडमध्ये हार्योला यांनी शस्त्रक्रियेने अशी धमनी मोकळी केली आणि रुग्णाची जेवणानंतरची कळ थांबली. १९६५ साली अमेरिकेत डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा रुग्णांचा वृत्तांत दिला, आणि चौथे नाव पक्के झाले.

लगेच प्रतिवादही उभा राहिला. डेट्रॉइटचे सिलाजी हे रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतले मोठे नाव. १९७२ साली त्यांनी आपल्या लेखाच्या मथळ्यातच विचारले, की असे दुखणे खरोखर आहे तरी का? त्यांचा प्रश्न टवाळीचा नव्हता. कमान धमनीवर आलेली, पण पोट कधी न दुखलेले असे पुष्कळ लोक असतात. आणि शरीर एक धमनी अडली तर शेजारच्या धमनीतून रक्ताची सोय करून घेते. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. डाव्या पायाच्या शिरेचे तेच. २००४ साली अमेरिकेत ५० जणांच्या पोटाची चित्रे केवळ या दृष्टीने तपासली. पायाची कसलीही तक्रार नसलेली ही माणसे. तरी त्यांच्यापैकी २४ टक्क्यांत ती शीर निम्म्याहून अधिक चेपलेली आढळली. तेव्हा चित्रात चेपलेले दिसले म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. ग्लेनार-लेन यांच्या लाटेतून गेलेल्या वैद्यकाला ही सावधगिरी शोभतेच.

हे सारे वाचताना मला आमच्या लहानपणीचा वाडा आठवे. एका पावसाळ्यात वरच्या बिऱ्हाडाची खिडकी बसेना, मधल्याचे दार अडू लागले, खालच्याच्या भिंतीला भेग गेली. प्रत्येकाने आपापला सुतार, आपापला गवंडी आणला. प्रत्येकाने आपापले काम चोख केले. चौथ्या महिन्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीने साऱ्या बिऱ्हाडांतून एकदा फेरी मारली आणि सांगितले, की मधली तुळई खचली आहे.

या चार दुखण्यांचे असेच झाले. उलट्यांचा रुग्ण पोटाच्या डॉक्टरांकडे, लघवीत रक्त आले की मूत्रविकारतज्ज्ञाकडे, पाय सुजला की रक्तवाहिन्यांच्या शल्यतज्ज्ञाकडे, ओटीपोट दुखले की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. प्रत्येक जण आपल्या खोलीत दिवा लावून पाही आणि आपल्यापुरते खरे सांगे. पण ज्या एखाद्या दुर्दैवी माणसाच्या देहात यांतली दोन, तीन, क्वचित चारही दुखणी एकत्र नांदत असत, त्याची लक्षणे कोणत्याच एका खोलीत मावत नसत. जे कुठेच बसत नाही त्याची शेवटची जागा ठरलेली: मन.

एकत्र येणे हे दुर्मीळ आहे, पण निव्वळ योगायोग नव्हे. आतड्याच्या धमनीचा कोन मिटला तर त्यात राहणारे दोघेही चेपायचे, शीरही आणि आद्यांत्रही. कोन एकच, रहिवासी दोन. कंबरेचा बाक मुळात जास्त असला तर महाधमनी पुढे रेटली जाते आणि तिच्या अंगच्या सगळ्याच अडचणीच्या जागा एकदम तंग होतात. वरून डाव्या मूत्रपिंडाचे रक्त अडून ओटीपोटात उतरावे, आणि खाली त्याच बाजूची पायाची शीर फाट्याखाली चेपलेली असावी, म्हणजे एका घराची दोन्ही गटारे तुंबल्यासारखे. शिवाय यात एक दुष्टचक्र आहे. वजन घटले की कोनातली चरबीची उशी झिजते. उशी झिजली की कोन मिटतो, कधी २५ अंशांच्याही खाली, आणि दोन धमन्यांतले अंतर २ ते ८ मिलिमीटरांवर येते. मग अन्न पुढे सरकत नाही, जेवण नकोसे होते, वजन आणखी घटते. खात नाही म्हणून दुखते, की दुखते म्हणून खात नाही? बीज आधी की वृक्ष आधी, असलाच हा प्रश्न. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते एवढेच, की मुलगी खात नाही. मनामुळे अन्न तुटणे हाही खराच आजार आहे आणि तो जिवावर बेततो. त्याला "काही नाही" म्हणणे ही आणखी निराळी चूक. पण मनाचे निदानसुद्धा तपासून करावयाचे असते, तपासणी संपल्याची खूण म्हणून नव्हे.

भाचीची तपासणी कशी झाली ते सांगतो. त्या भाऊबिजेनंतर दीड वर्ष गेले. तेवढ्यात पोटाची दुर्बीण झाली, रक्त तपासले, आहाराचे सल्ले आणि मनाची औषधे झाली. कुशीतले दुखणे वेगळे, उलट्या वेगळ्या, लघवीतला थोडासा लालसरपणा आणखी वेगळा, असे तीन डॉक्टरांचे तीन कागद तयार झाले. वजन ३७ किलोवर आले. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिची सोनोग्राफी केली. त्यांनी तिला नुसते निजवून पाहिले नाही. आधी सगळे ऐकून घेतले. मग निजवून, उभे करून, कुशीवर वळवून, श्वास घ्यायला लावून, सोडायला लावून पाहिले. थोडे दूध पाजून पुन्हा पाहिले. चांगला तासभर लागला. शेवटी त्यांनी विचारले, "जेवल्यावर तू कशी झोपतेस?" भाची म्हणाली, "गुडघे पोटाशी घेऊन." पुढे नीलेतून औषध देऊन काढलेल्या छायाचित्रात कोन मोजला गेला: १६ अंश. आद्यांत्र चेपलेले, आणि त्याच्या वर तीच, माझ्या अडकित्त्यातली सुपारी.

बहिणीने मला फोनवर अहवाल वाचून दाखविला. एक एक शब्द माझ्या ओळखीचा होता. मी पुष्कळ वेळ काही बोलू शकलो नाही. बहिणीला वाटले, फोन कटला.

लगेच शस्त्रक्रिया करायची नाही, असे ठरले. नाकातून एक बारीक नळी चेपलेल्या जागेच्या पलीकडे नेऊन ठेवली आणि सात आठवडे तिच्यातून थेंबाथेंबाने आहार दिला. चरबीची उशी परत भरावी, कोन उघडावा, आणि दुष्टचक्र उलटे फिरावे, एवढाच हेतू. घरातले सगळे खोबऱ्याच्या वड्या करीत असताना ती पोरगी नळी लावून, उशाशी पुस्तक घेऊन पडून असे. वजन ४४ किलोवर गेले. उलट्या थांबल्या. सगळ्यांनाच हा उपाय लागू पडतो असे नाही. काहींना शेवटी ब्लडगुड-स्टॅव्हली यांचीच आडवाट काढावी लागते. मूत्रपिंडाची शीर अजून थोडी चेपलेलीच आहे. तिच्यावर कोणी सुरी धरलेली नाही. वर्षातून एकदा पाहायचे आणि गरज पडली तर विचार करायचा, असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. सिलाजींचा संशय आणि विल्कींचा विश्वास या दोन्हींना तिच्या उपचारात जागा मिळाली, याचे मला समाधान वाटते.

मी तिची क्षमा मागितली. वडीलधाऱ्या माणसाने धाकट्याची क्षमा मागण्याची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे मला ते नीट जमले नाही. मी रोकितान्स्कींपासून सुरुवात केली. ती ऐकून घेत होती. मध्येच म्हणाली, "मामा, तुम्हाला हे सगळं माहीत होतं?"

"होतं," मी म्हणालो.

"मग त्या दिवशी मला विचारलं का नाहीत, कुठे दुखतंय म्हणून?"

याचे उत्तर इतिहासात नाही. फिर्खोंपासून डनबारांपर्यंत ज्यांनी ज्यांनी काही शोधले, त्यांनी आधी एक साधी गोष्ट केली होती: जे पुढ्यात होते त्याला खरे मानून ते पाहत राहिले. डावा पायच का सुजतो, हा प्रश्न पोरकट आहे म्हणून फिर्खोंनी सोडून दिला नाही. मी मात्र उत्तर आधीच ठरवून माजघरात गेलो होतो.

भाची आता नोकरी करते. भाऊबिजेला येते. फराळाचे ताट तिच्यापुढे लहानच ठेवतात. दोन घास खाऊन ती थांबते, गप्पा मारते, पुन्हा दोन घास खाते. कोणी आग्रह करीत नाही. आमच्या घरात तो आग्रह बंद झाला आहे, आणि पाहुण्यांना त्याचे नवल वाटते. गेल्या वर्षी तबकाकडे बोट दाखवून तिने विचारले, "मामा, हाच का तो वर्गात नेत होता?" मी अडकित्ता तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा उघडला, मिटला. मग एक सुपारी घेऊन कातरू लागली. तिला ते मुळीच येत नव्हते. निम्मी सुपारी सतरंजीवर उडाली.

"दाबायचा कसा?" तिने विचारले. मी शेजारी बसलो आणि या वेळी आधी, ती कशी दाबते आहे ते नीट पाहिले.